फुली

अकरा वर्षांपूर्वी ही फुली मीच मारली होती.
हातात लाल रंगाचा डबा, काखेत यादी,
मागे र्‌वेयेमामु साहेब, कॉलर घामाने चिंब,
आणि वर, उतरंड रचावी तशी
खडकांवर खडक, खडकांत घरं:
म्वान्झा.

साहेबांच्या नकाशावर रस्ता सरळ होता,
पट्टीने काढलेला.
कागदावर टेकडी सपाट होते
हे मला तेव्हा नवीन होतं.
तीस मीटर रुंद, सरोवरापासून विमानतळापर्यंत.
मधे येईल त्या भिंतीवर फुली, फुलीखाली आकडा.
‘काळ्या दगडावरची रेघ समज,’ साहेब म्हणाले.

न्यांजिगेच्या भिंतीवर एकशे चौदा.
ती दारात दगा वाळवत होती,
बोटाएवढी चंदेरी मासळी, गोणपाटावर पसरलेली.
एवढंच म्हणाली,
‘रंग मासळीवर सांडू नका.’

सहा महिन्यांत रस्ता होणार होता.
बँकेचे लोक आले.
बँकेचे लोक गेले.
मग दुसरा आराखडा, परदेशात छापलेला,
पानं इतकी गुळगुळीत की बोट घसरावं.
त्यात वीस वर्षांनंतरचं शहर होतं:
दुतर्फा झाडं, झाडांखालून चालणारी माणसं,
आणि कुणाच्याच डोक्यावर ओझं नव्हतं.
ते चित्र मी बराच वेळ पाहिलं होतं.

साहेब निवृत्त होऊन बुकोबाला केळी लावायला गेले.
मी लग्न केलं, दोन खोल्या बांधल्या,
दुसऱ्या टेकडीवर,
कुणालाही न विचारता. नियोजन खात्यातला माणूस मी.

आता तिसरा आराखडा.
रस्ता पूर्वेला सरकला. ही टेकडी हिरव्या रंगात आली.
हिरवा म्हणजे काय, मी विचारलं.
नव्या बाईंनी कोपऱ्यातली सूची पाहिली,
चष्मा काढून पुन्हा पाहिली.
‘ते अजून ठरायचंय,’ म्हणाल्या.
आणि या वेळी मला पांढरा डबा दिला.

अकरा मोठे पाऊस, अकरा धाकटे.
फुली एव्हाना विटायला हवी होती.
पण ती ताजी. माझ्या हातापेक्षा रेखीव.

‘दर वर्षी मीच मारते,’ न्यांजिगे म्हणाली.
‘पुसली गेली तर म्हणाल,
बाई, तुझं घर यादीत नव्हतंच.’
मी म्हटलं, आता कुणी पाडणार नाही.
‘या नकाशात,’ ती म्हणाली.
मग आत जाऊन पत्र्याची पेटी घेऊन आली.
विजेचं बिल, दवाखान्याचं कार्ड,
नातवाचा, मसालूचा, शाळेचा दाखला:
सगळीकडे राहण्याचं ठिकाण,
फुली एकशे चौदा, मोठ्या खडकाखाली.

सरकारने या टेकडीला दिलेली
एवढी एकच वस्तू. तीही पाडण्यासाठी.

भिंतीवर खाली, मुलांच्या हाताला येईल तिथे,
खडूचे चौकोन होते.
पोरं फुली-गोळा खेळत असावीत.
बहुतेक डाव अर्धेच सोडलेले.

‘फुली पुसा,’ शेवटी ती म्हणाली, ‘आकडा राहू दे.’
मी फॉर्म पाहिला.
दोनच रकाने: पुसली. पुसली नाही.
आकड्याला रकाना नव्हता.

पांढऱ्याचे दोन हात दिले,
तरी आतून गुलाबी झाक येतच राहिली.
एकशे चौदाच्या कडेने मी ब्रश जपून फिरवला,
मुलाच्या कपाळावरची जखम पुसावी तसा.
मसालू शेजारी उभा राहून
ओल्या रंगात बोट घालू की नको, ते ठरवत होता.

निघताना गोणपाटाला वळसा घातला.
डबा नीट धरला होता,
तरी एक थेंब सांडलाच.

न्यांजिगे काही बोलली नाही.
वाकून तेवढी एक मासळी उचलली
आणि वेगळी ठेवली.